यीस्टला रक्त नसतं: सेट१वरून ल्युकेमियाकडे निघालेल्या विद्यार्थिनीला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षं यीस्टमधल्या सेट१ या जनुकावर पीएचडी झाली, ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, काम करणाऱ्या एका लॅबने पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, विचारलं आहे, आणि आजूबाजूचे सगळे सांगताहेत की पुन्हा पहिलीत बसावं लागेल. यीस्टमधलं कितपत कामी येतं, काय दाराबाहेर ठेवून आत जावं, आणि अर्धवट राहिलेल्या शेवटच्या पेपरचं काय करावं?

मी याच वाटेने आले. आधी यीस्ट, मग ल्युकेमिया, आणि मधली काही वर्षं दोन्हीकडे पाहुणी.

हातांपुरतं बोलायचं तर हो, पहिलीत बसावं लागतं. यीस्टची प्लेट दोन दिवस बाकावर विसरली तरी आभाळ कोसळत नाही. रक्ताच्या पेशींना शनिवार-रविवार कळत नाही. ९० मिनिटांत दुप्पट होणाऱ्या पेशींची सवय लागलेल्या माणसाला, के५६२सारखी त्यातल्या त्यात भराभर वाढणारी सेल लाइन (एका रुग्णापासून घेऊन लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) सुद्धा दिवसाला एकदाच दुप्पट होते, हे पचायला वेळ लागतो. शिवाय सेल कल्चरच्या खोलीत यीस्ट म्हणजे शत्रू. कुणाचाही फ्लास्क गढूळ झाला की नजरा आधी माझ्याकडे वळायच्या. शेवटी मीच नियम करून घेतला: ज्या दिवशी यीस्टला हात लावला, त्या दिवशी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. एकदा एका फ्लास्कमध्ये खरंच यीस्ट निघालं. मायक्रोस्कोपखाली कळ्या फुटलेल्या त्या पेशी सगळ्यांच्या आधी मी ओळखल्या. त्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही.

हे सहा महिन्यांत जमतं. अडचण येते ती दुसरीकडे, आणि ती समजायला तुमचं सेट१च उत्तम आहे.

सेट१चं प्रथिन १०८० अमिनो आम्लांचं. ते ज्या संकुलात बसून काम करतं ते २००१ मध्ये यीस्टमधून शुद्ध करून वेगळं काढलं गेलं आणि त्याला कॉम्पास हे नाव मिळालं. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी एच३च्या चौथ्या जागेवरच्या लायसिनवर मिथाइल गट, म्हणजे एक छोटी रासायनिक खूण, चढवणं हे त्याचं काम, हे तुम्हाला सांगायला नको. माणसातलं त्याचं एक नातलग म्हणजे एमएलएल, ज्याला आता अधिकृतपणे केएमटी२ए म्हणतात: ३९६९ अमिनो आम्लांचं अवाढव्य प्रथिन. अकराव्या गुणसूत्रावर हे जनुक मधेच तुटून दुसऱ्या कुठल्या तरी गुणसूत्रावरच्या जनुकाला जोडलं गेलं की जे जोडप्रथिन तयार होतं, त्यातून ल्युकेमिया होतो. एक वर्षाखालच्या बाळांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात साधारण ७० ते ८० टक्के वेळा हीच भानगड असते. संकुलातले इतर भिडूही ओळखीचेच: यीस्टचं स्वड३ म्हणजे माणसातलं डब्ल्यूडीआर५, ब्रे२ म्हणजे एएसएच२एल.

इथे यीस्टवाला माणूस उडी मारतो. मीही मारली. मुलाखतीच्या व्याख्यानात मी दोन्ही प्रथिनं एकाखाली एक मांडली, सारखे दिसणारे भाग रंगवले आणि सांगितलं की यीस्टमध्ये सेट१ कसं चालतं ते मला माहीत आहे, म्हणजे एमएलएलचं अर्धं काम झालं. समोर बसलेल्या रक्तविकारतज्ज्ञाने एकच प्रश्न विचारला: "जोडप्रथिनात यातला कुठला भाग उरतो?"

उरतो तो पुढचा भाग, साधारण १४०० अमिनो आम्लांचा. सेट१शी साम्य असलेला, मिथाइल गट चढवणारा भाग शेपटाकडे असतो, आणि गुणसूत्र तुटताना तो गळून पडतो. म्हणजे ज्या तुकड्यावर मी इतकी वर्षं घालवली, नेमका तोच तुकडा ल्युकेमिया फेकून देतो. आणि रोगाला जो हवा असतो, तसा तुकडा यीस्टमध्ये नाहीच.

नोकरी मिळाली, पण त्या रात्री झोप आली नाही.

तुम्ही म्हणाल, मग डॉट१चं काय? ती गोष्ट यीस्टवाले अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान खोटा नाही. गुणसूत्राच्या टोकाजवळ एखादं जनुक नेऊन ठेवलं की यीस्ट ते गप्प करून टाकतं. एडीई२ हे जनुक तिथे ठेवलं तर ते गप्प झालेल्या वसाहती लाल दिसतात, बोलतं राहिलेल्या पांढऱ्या. हे गप्प करणं बिघडवणारी जनुकं १९९८ मध्ये एका स्क्रीनमधून, म्हणजे सरसकट चाळणीतून, शोधली गेली, डॉट१ त्यातलं. ते जास्त झालं तरी टोकं बोलू लागतात, काढून टाकलं तरी बोलू लागतात. २००२ मध्ये कळलं की ते एच३च्या ७९व्या जागेवरच्या लायसिनवर मिथाइल गट चढवतं. २००५ मध्ये दिसलं की माणसातलं डॉट१एल हे एएफ१०ला चिकटतं, आणि एएफ१० तर एमएलएलच्या जोडीदारांपैकीच एक. म्हणजे जोडप्रथिन डॉट१एलला ओढून चुकीच्या जनुकांवर नेऊन बसवतं, होक्सए९ आणि मेइस१ ही जनुकं बंद व्हायची ती चालूच राहतात, आणि कोवळी रक्तपेशी पिकायचं नावच घेत नाही. टोकाजवळच्या लाल-पांढऱ्या वसाहतींपासून बाळांच्या ल्युकेमियापर्यंत इतकी सरळ रेघ क्वचितच निघते.

डॉट१एलला रोखणारं रसायन तयार झालं. पेशींत आणि उंदरांत ते चाललं. त्यातूनच पुढे आलेल्या पिनोमेटोस्टॅटची पहिली चाचणी ५१ रुग्णांवर झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्ण रिमिशन, म्हणजे रोगाची खूण न उरणं, दोघांत दिसलं. एकट्याने देण्याच्या औषधासाठी हे फार थोडं.

पुढे सरकलं ते वेगळंच औषध. एमएलएलच्या अगदी पुढच्या टोकाला मेनिन नावाचं एक प्रथिन चिकटतं. त्याचं जनुक अंतःस्रावी ग्रंथींच्या गाठींच्या एका आनुवंशिक आजारामुळे १९९७ मध्ये सापडलं होतं. तिथे ते गाठी रोखणारं, म्हणून ल्युकेमियात ते रोगाचा हात धरत असेल असं सहसा कुणाच्या मनात आलं नसतं. पण २००५ मध्ये दिसलं की मेनिन नसेल तर एमएलएलचं जोडप्रथिन ल्युकेमिया करूच शकत नाही. मेनिनवर एमएलएल जिथे चिकटतं त्या जागी बसून त्याला एमएलएलपासून दूर ठेवणारं रेव्ह्युमेनिब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं, केएमटी२ए तुटलेल्या आणि उलटलेल्या किंवा न जुमानणाऱ्या ल्युकेमियासाठी, मोठ्यांना आणि एक वर्षावरच्या मुलांनाही.

यीस्टमध्ये मेनिन नाही. दूरचं नातलगसुद्धा नाही. तुम्ही सेट१चं कितीही काम केलं असतं तरी मेनिन तुमच्या प्लेटवर कधी उगवलं नसतं.

एवढं सांगून मी थांबले तर तुम्ही जाऊच नये असा अर्थ निघेल. पण या गोष्टीचा पुढचा भाग माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे.

रेव्ह्युमेनिब घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये रोग परत आला. त्यांच्या पेशी तपासल्या तेव्हा त्यातल्या कित्येकांत मेनिनच्याच जनुकात म्युटेशनं, म्हणजे बदल, सापडली, अगदी औषध जिथे बसतं त्या खाचेत. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बदललेल्या मेनिनवर औषध नीट बसत नाही, एमएलएल मात्र पहिल्यासारखं बसतं. डॉक्टरांना ही वाईट बातमी वाटली, आणि रुग्णासाठी ती वाईटच होती. पण यीस्टच्या शाळेत वाढलेल्या माणसाला यात दुसरंही काही दिसतं: औषध माणसाच्या शरीरात खरोखर मेनिनवरच काम करतं, याचा याहून पक्का पुरावा मिळणं अवघड. लक्ष्य बदललं की पेशी औषधाला दाद देत नाही, म्हणजे लक्ष्य तेच होतं.

ही युक्ती यीस्टची. १९९१ मध्ये रॅपामायसिन हे औषध कशावर काम करतं हे असंच शोधलं होतं. यीस्टवर औषध टाकलं, जे म्युटंट तरले ते वेचले, त्यांच्यात बिघडलेली जनुकं पाहिली. तीन निघाली: एफपीआर१, टीओआर१ आणि टीओआर२. पहिलं बिघडलं की औषधाला पकडणारा हातच जातो. उरलेल्या दोघांत विशिष्ट जागी बदल झाला की औषध पोचतं पण बसत नाही. माणसातलं एमटीओआर यानंतर सापडलं.

म्हणजे यीस्टमधून तुम्ही एमएलएलची माहिती घेऊन जात नाही, तो भ्रम मुलाखतीपर्यंतच ठेवा. नेता ती पुरावा मागण्याची एक सवय. ल्युकेमियाच्या बैठकांत मी वर्षानुवर्षं हाच कंटाळवाणा प्रश्न विचारत आले: या रसायनाला दाद न देणारा म्युटंट कुठे आहे? आणि जनुक काढल्यावर पेशी मेल्या म्हणता, तर तेच जनुक, ते कापणाऱ्या क्रिस्पर या कात्रीला न सापडणारं करून, परत घातल्यावर जगतात का? यीस्टमध्ये हे कुणी विचारत नाही, कारण ते न करता पेपर पाठवायची लाजच वाटते. इथे बरीच वर्षं त्याशिवाय चालून जायचं. एका रसायनावर आमच्या गटाने दीड वर्ष घालवलं होतं. लक्ष्य मानलेलं जनुक पूर्ण काढून टाकलेल्या पेशींवर ते टाकून पाहू, असा मी हट्ट धरला. त्या पेशीही तितक्याच मेल्या. प्रकल्प बंद झाला आणि काही दिवस माझ्याशी कुणी जेवायला बसलं नाही.

आता दाराबाहेर ठेवायच्या गोष्टी.

पहिली म्हणजे घाई, आणि तिच्या पोटातली एक समजूत: की फेनोटाइप (बदलाचा दिसणारा परिणाम) म्हणजे जगणं किंवा मरणं. यीस्टचा तापमानाला हळवा म्युटंट ३७ अंशांवर नेला की दोन-तीन तासांत त्याचं काय ते कळतं. एमएलएल-एएफ९ हे जोडप्रथिन असलेल्या मोल्म-१३ पेशींवर मी डॉट१एलचं रसायन टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मोजणी केली. काही फरक नाही. चौथ्या दिवशीही नाही. मी वहीत "परिणाम नाही" असं लिहून फ्लास्क टाकायला निघाले, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या तंत्रज्ञ बाईंनी हात धरला. "चौदा दिवस थांबा," म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. एन्झाइम लगेच थांबतं, पण हिस्टोनवर आधी चढलेल्या खुणा मुख्यतः पेशी विभागत जाते तशा पातळ होतात. त्यानंतर होक्सए९ उतरतं, त्यानंतर कुठे पेशी बदलायला लागतात. आणि आधी त्या मरत नाहीत, पिकतात. सीडी११बीसारख्या प्रौढ पेशींच्या खुणा त्यांच्यावर उमटतात, केंद्रक मुडपतं, मग विभागणी थांबते. मी फक्त संख्या मोजत होते. पेशी कोण झाली हे बघतच नव्हते.

हे मनात ठसायला मला दोन वर्षं लागली. यीस्टची पेशी कुणी तरी होत नाही. ती ए किंवा अल्फा अशा दोन प्रकारांतली असते, त्या दोन जुळून झालेली पेशी उपाशी ठेवली तर बीजाणू करते, संपलं. रक्ताची पेशी एका वंशावळीत कुठे तरी उभी असते, आणि ल्युकेमिया म्हणजे त्या वंशावळीतल्या एका पायरीवर अडकून तिथेच वाढत राहणं. पुस्तकात हे मीही वाचलं होतं. पण एका रक्तविकारतज्ज्ञाशेजारी बसून अस्थिमज्जेच्या काचा बघेपर्यंत ते शब्दच होते. निरोगी मज्जेत प्रत्येक वयाची पेशी दिसते, भरल्या घरासारखी. ल्युकेमियाच्या काचेवर एकाच वयाच्या पेशींची गर्दी. जमलं तर पहिल्या महिन्यातच आठवड्याला दोन तास असे बसा. कुठल्याही जर्नल क्लबपेक्षा जास्त मिळेल.

दुसरी गोष्ट, शुद्ध स्ट्रेनची, म्हणजे एकसारख्या वाणाची, श्रद्धा. तुमचे दोन स्ट्रेन एका जनुकाने वेगळे असतात, बाकी सगळं सारखं, आणि शंका आली तर चार बीजाणू वेगळे करून दोघांत बदल आणि दोघांत नाही असं पडतं का ते बघता येतं. के५६२ ही लाइन १९७० मधल्या एका रुग्ण स्त्रीच्या पेशींपासून निघाली. तिची गुणसूत्रं जवळपास तिप्पट आहेत आणि दर लॅबमध्ये ती थोडी थोडी वेगळी झाली आहे. तिचा संकर करता येत नाही. म्हणून एका लाइनवरचा निकाल हा निकाल मानू नका. निदान तीन लाइन, त्यात एक अशी जिच्यात एमएलएल शाबूत आहे, आणि त्यानंतर रुग्णांचे नमुने, जे डिशमध्ये चार-आठ दिवसांत मरायला लागतात. त्या नमुन्यांना कुणाची तरी सही असलेलं संमतिपत्र जोडलेलं असतं. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा वय लिहिलं होतं सात महिने. त्या दिवशी पिपेट नेहमीपेक्षा हळू चालली.

एका बाबतीत मात्र तुमची नजर ल्युकेमियावाल्यांपेक्षा तेज ठरेल, आणि तिथे ती तुम्हाला फसवूही शकते. २०११ मध्ये कळलं की मायलोडिस्प्लासिया या मज्जेच्या आजारात, जो पुढे ल्युकेमियात जाऊ शकतो, स्प्लायसिंगची (जनुकाच्या आरएनए प्रतीतले नको ते तुकडे कापून उरलेले जोडण्याच्या कामाची) जनुकं वारंवार बिघडलेली असतात: एसएफ३बी१, एसआरएसएफ२, यू२एएफ१. पण एकाच पेशीत सहसा एकच. दोन एकत्र जवळजवळ दिसत नाहीत. यीस्टवाला लगेच म्हणतो, दोन म्युटेशनं एकत्र मारक असणार. यीस्टमध्ये आपण असे लाखो जोड करून पाहिले आहेत, ही नजर तिथूनच येते. पण दुसरीही शक्यता असते: दोघंही एकच काम बिघडवत असतील, तर एक झाल्यावर दुसऱ्याची गरजच उरत नाही. रुग्णांच्या आकडेवारीतून या दोन्हींतला फरक कळत नाही, प्रयोगच करावा लागतो. २०१८ मध्ये उंदरांवर तो झाला तेव्हा दोन्ही गोष्टी निघाल्या: एसएफ३बी१ आणि एसआरएसएफ२ची म्युटेशनं एकत्र आली की पेशी टिकत नाहीत, आणि एकेकटी असताना त्यांच्या परिणामांत बरंच साम्यही आहे. मी फक्त पहिल्या शक्यतेवर पैज लावली होती.

याच जनुकांवर यीस्टमध्ये काम करावं का, असं विचाराल तर जपून. एसएफ३बी१चं यीस्टमधलं रूप आहे, एचएसएच१५५. पण यीस्टच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी जेमतेम तीनशेंत इंट्रॉन, म्हणजे असे कापून टाकायचे तुकडे, आहेत, आणि माणसातला घोटाळा तर एकाच जनुकात कुठे कापायचं या निवडीतला आहे. यंत्र कसं हलतं हे यीस्ट सांगेल, कुठलं जनुक चुकीचं कापलं गेल्याने रोग होतो हे नाही. उलट एखाद्या रुग्णात सापडलेला अनोळखी बदल प्रथिन बिघडवतो की निरुपद्रवी आहे, एवढाच प्रश्न असेल तर यीस्टसारखं स्वस्त साधन नाही. २०१५ मध्ये यीस्टची ४१४ अत्यावश्यक जनुकं एकेक करून माणसाच्या जनुकाने बदलून पाहिली, तेव्हा जवळपास निम्म्यांत यीस्ट जगलं. तुमचं जनुक त्या निम्म्यांत असेल तर आठवड्याचं काम आहे.

तरीही नव्या लॅबमध्ये यीस्टचा एक कोपरा राखून ठेवू नका. मी ठेवला होता. तीन वर्षं दोन्हीकडे अर्धी राहिले, यीस्टच्या परिषदेत लोक विचारायचे "अजून यीस्ट करता?" आणि ल्युकेमियाच्या परिषदेत विचारायचे "अजून यीस्ट करता?"

होकार देण्याआधी त्या लॅबला तीन-चार गोष्टी विचारा. गोठवलेले रुग्ण-नमुने किती आहेत आणि त्यांच्यासोबत उपचाराची माहिती आहे का. उंदरांचं काम कोण करतं. माणसाच्या ल्युकेमिया पेशी उंदरात रुजवण्याची एक फेरी चार-सहा महिने खाते, आणि तुमचा प्रकल्प पूर्णपणे त्यावर टेकलेला असेल तर पहिल्या वर्षी हातात काहीच नसेल. सेल लाइनची ओळख किती महिन्यांनी तपासतात. आणि गेल्या पाच वर्षांत त्यांनी कुठला प्रकल्प स्वतःहून बंद केला. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना मुख्य शास्त्रज्ञ अडखळले तर मी तरी दोनदा विचार करेन.

राहिला तुमचा अर्धवट पेपर. जाण्याआधी संपवा, नव्या जागी जाऊन तो कधीच संपत नाही. सगळे स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा, आणि प्रत्येकाचा पूर्ण जीनोटाइप (कुठल्या जनुकांत काय बदल), कुठल्या पालकांपासून, कुठल्या तारखेला, हे दुसऱ्या कुणाला वाचता येईल असं लिहून ठेवा. माझे चारशेच्या वर स्ट्रेन मी सोडून आले. नऊ वर्षांनी कुणी तरी त्यातला एक मागितला. फ्रीझरमध्ये नळी सापडली, झाकणावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "हा नवा."